रायफल परवडली, गोळ्यांनी मारलं: मोसिन-नागांट ९१/३०, आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात घेतली. मी टेक्सासात राहतो, आणि बंदुकीशी आधीचा संबंध म्हणाल तर कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टूने पाच गोळ्या मारलेल्या, संपलं. इथे ऑफिसातला एक जण कायम मागे लागायचा की मोसिन, म्हणजे ती जुनी रशियन लष्करी रायफल, घे, दणकट आहे, स्वस्त आहे, गोळ्या ढिगाने मिळतात. दणकट हे खरं. बाकीचं त्याच्या काळातलं, त्याने घेतली तेव्हा शंभर डॉलरच्या आत मिळायची, ग्रीसमध्ये बुडवलेल्या वीस-वीस रायफली एका लाकडी खोक्यात यायच्या. मला तीच ३९० ला पडली आणि दुकानदार वर म्हणतो, नशीबवान आहेस.

नळीवर १९४३ आणि त्रिकोणात बाण, म्हणजे रशियातल्या इझेव्हस्कचा कारखाना. युद्धाच्या घाईत बनवलेली, त्यामुळे कानशीचे ओरखडे सरळ दिसतात, आणि मला खरं तर तेच आवडतं. बोल्टवरचा (गोळी आत ढकलायला हाताने मागेपुढे करायचा दांडा) जुना नंबर खोडून नवीन कोरलाय, म्हणजे युद्धानंतर डेपोत चार रायफलींचे भाग जमवून ही एक जुळवली असणार. गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धात झारसाठी याच मोसिन अमेरिकेतच रेमिंग्टनने बनवल्या होत्या.

ग्रीस काढायला दोन शनिवार गेले. लाकडी दस्ता काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवला की तेल नुसतं पाझरतं. बायकोने एकदाच वास घेतला आणि म्हणाली, हे घरात आलं तर तू गॅरेजमध्ये झोप. आज आठ महिन्यांनी सुद्धा वीस-पंचवीस गोळ्या झाल्या, नळी तापली, की दस्त्याला घाम फुटतोच.

बोल्ट सुरुवातीला इतका अडकायचा की तळहाताने ठोकून उघडावा लागे, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, लोक बघायचे. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते तिथे, जुनं वाळलेलं ग्रीस होतं, ड्रिलला ब्रश लावून साफ केलं, आता बराच सुटलाय. सेफ्टी म्हणजे बोल्टची मागची मूठ खेचून डावीकडे फिरवायची, ती दोन बोटांनी होत नाही, मी वापरायची सोडली, रेंजवर बोल्ट उघडाच ठेवतो. दस्त्याला मागे लोखंडी पट्टी आहे, पहिल्या दिवशी खांदा निळा झाला. आणि नेम संगीन लावून जुळवलेला असतो बरं का, आमच्या रेंजवर संगीन चालत नाही, मग शंभर यार्डांवर गोळ्या बाजूला जायच्या, शेवटी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी सरकवून घेतली.

आता मुख्य रडगाणं. हिला लागते ७.६२ बाय ५४ आर, १८९१ पासूनचं काडतूस. सोव्हिएत माल सीलबंद पत्र्याच्या डब्यात येतो, ४४० गोळ्या एका डब्यात, दोन डबे एका खोक्यात. मी दोन डबे कसेबसे मिळवले, एका माणसाकडून, भाव विचारू नका. डब्यावर १८८ हा आकडा, म्हणजे सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा कारखाना. उघडायची किल्ली खोक्यात एकच असते, ती माझ्या नशिबी नव्हती, छिन्नी-हातोडीने उघडला.

या गोळ्यांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेली, ठिणगी पाडणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं, गोळी उडाली की नळीत एक प्रकारचं मीठ राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आमच्या चिपळूणला पावसाळ्यात कोयता बाहेर राहिला तर जे होतं तेच, फक्त एका रात्रीत. तेल लावून काही होत नाही, मीठ तेलात विरघळत नाही, आधी गरम पाणी ओतायचं, मग कोरडी करून तेल. एकदा पाहुणे आले म्हणून रविवारवर ढकललं आणि बोल्टच्या तोंडावर तांबूस थर बघून पोटात गोळा आला. शिवाय या गोळ्यांत बऱ्याचदा पोलाद असतं, चुंबक चिकटलं की बरेच रेंजवाले परत पाठवतात, मला दोनदा पाठवलंय. आता चाळीस मैलांवरच्या मोकळ्या रेंजला जातो, पेट्रोल वेगळं.

नवीन माल का येत नाही तर २०२१ च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने रशियन दारुगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले. बरं हीच गोळी पीके मशीनगनला आणि द्रागुनोव्ह स्नायपर रायफलीलाही लागते, २०२२ ला तिकडे युक्रेनमध्ये मोठं युद्ध पेटलं, मग जुना साठा कोण कशाला इकडे विकेल? सर्बियन, चेक कारखान्यांची नवीन गोळी मिळते, मीठ नाही, छान अचूक लागते, पण मला एकेक गोळी डॉलरच्या वर पडते. म्हणजे वीस गोळ्यांत बायको-पोरांसकट इडली-डोसा होतो.

घ्यावी का? ज्याला इतिहास आवडतो त्याने घ्यावी, रायफल तुमच्या नातवालाही पुरेल. स्वस्तात भरपूर मारायला मिळेल म्हणून घेत असाल तर राव, पॉइंट टू टू घ्या.

दुसरा डबा अजून उघडलेला नाही. मोसिन घे म्हणणारा तोच ऑफिसवाला परवा विचारत होता, विकतोस का. मी म्हटलं, आधी ती किल्ली दे.