डाव्या कानाचा टवका

हे लिहायला बसले, कारण परवा तोच मातीचा कुत्रा मला पुन्हा विक्रीला दिसला. शेजारच्या राज्यातला विक्रेता, सोबत वेगळी गोष्ट, पण कुत्रा तोच. मागच्या पायांवर बसलेला, लोंबत्या कानांचा स्पॅनियल जातीचा कुत्रा, गळ्यात साखळी आणि कुलूप, अंगावर निळे ठिपके, डाव्या कानाच्या टोकाला टवका. माझा कुत्रा त्या वेळी माझ्याच घरात कपाटावर होता. त्याच्यासाठी मी 1,850 डॉलर मोजले आहेत.

आधी ही वस्तू काय असते ते सांगते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोणची, खारवलेलं मांस, दारू, सगळं स्टोनवेअरच्या, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या टणक मातीच्या भांड्यांत राहायचं. भट्टी 1200 अंश सेल्सियसच्या वर तापली की आत मीठ टाकायचे. त्याची वाफ मातीतल्या सिलिकाला भिडून भांड्यावर काचेसारखी झिलई चढायची, हाताला संत्र्याच्या सालीसारखी लागणारी. नक्षी कोबाल्टची, निळी. सांगलीला आमच्या स्वयंपाकघरात आजीच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या असत. तो थंड, जड स्पर्श हातात मुरलेला होता, म्हणून ओहायोत आल्यावर मी या भांड्यांकडे ओढली गेले, आणि भांड्यांवरून मातीच्या प्राण्यांकडे.

प्राण्यांत जीव गुंततो तो कारागिरांमुळे. ओहायोच्या टस्करावस काउंटीत, यूरिक्सव्हिलच्या आसपास, सांडपाण्याचे पाइप बनवणारे कारखाने होते. तिथले कामगार उरलेल्या मातीतून कुत्रे, सिंह, बेडूक, घुबडं घडवायचे आणि पाइपांबरोबरच भट्टीत ठेवून द्यायचे. इलिनॉयमधल्या ॲना गावचे कर्कपॅट्रिक बंधू डुकराच्या आकाराच्या दारूच्या बाटल्या करायचे आणि त्यांच्या अंगावर रेल्वेचा नकाशा कोरायचे. बसलेल्या स्पॅनियलची मूळ कल्पना इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरची. अमेरिकन कुंभारांनी ती आपल्या मातीत उतरवली. यातल्या बहुतेक प्राण्यांवर ना नाव, ना साल. नेमकी हीच फट फसवणाऱ्याला पुरते.

विक्रेता मला एका मोठ्या जत्रेसारख्या ॲंटिक बाजारात भेटला. वयस्क, मृदू बोलणारा. त्याने कुत्रा माझ्या हातात दिला आणि मी काही विचारायच्या आत गोष्ट सुरू केली. आजोबा पाइपच्या कारखान्यात होते, हा कुत्रा त्यांनी आजीला लग्नात दिला, घर विकावं लागतंय म्हणून काढतोय. कानाचा टवका त्याने स्वतःहून दाखवला. "खोटं नाही सांगणार, लहानपणी माझ्याच हातून पडला," म्हणाला. जो माणूस दोष स्वतः दाखवतो तो खराच असणार, असं मला त्या क्षणी वाटलं. त्या टवक्यानेच माझा विश्वास बसला.

पैसे त्याने फोनवरून थेट खात्यात मागितले, घरच्यांना पाठवतो तसे. पावतीवर फक्त "कुत्रा, 1" आणि रक्कम. काळ, ठिकाण, दुरुस्ती झाली आहे की नाही, यातलं एक अक्षर नाही. मी ती घडी करून पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर ओल्या सुती कापडाने पुसला, तर कापडावर तपकिरी रंग उतरला. शंभर-दीडशे वर्षांचा मळ असा पहिल्या हाताला सुटत नाही, तो बुटाच्या पॉलिशसारखा होता. तरी मी मनाची समजूत घातली. तळ उलटा करून पाहिला, तिथे ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने. खरी झीज वस्तू जिथे टेकते तेवढ्याच उंचवट्यांवर असते आणि वेडीवाकडी असते. हे मला वाचून माहीत होतं. बाजारात मात्र तळ पाहायचं सुचलंही नाही, कारण कान त्या गोष्टीकडे लागले होते.

शेवटी गेले ती एका जुन्या संग्राहक बाईंकडे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलंय. त्यांनी कुत्रा उचलला आणि लगेच म्हणाल्या, "हलका आहे." तळाच्या भोकातून बॅटरीचा उजेड पाडला. आतली भिंत सगळीकडे सारखी पातळ आणि गुळगुळीत. जुन्या साच्यात माती अंगठ्याने दाबून भरत, त्यामुळे आत बोटांचे ठसे आणि कमीजास्त जाडी सापडते. इथे पातळ मातीचा घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतलेला होता. वरची झिलईही काचेसारखी सपाट, सालीचा खडबडीतपणा कुठेच नाही.

मग त्यांनी एका जुन्या लिलावाचा कॅटलॉग काढला. पान उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या फोटोत माझाच कुत्रा होता. तेच ठिपके, तीच साखळी, डाव्या कानावर तसाच टवका. खाली उंची लिहिली होती साडेदहा इंच. माझा मोजला, सव्वानऊ. माती वाळताना आणि भाजताना साधारण 10 ते 12 टक्के आक्रसते, म्हणून मूळ वस्तूवरून साचा काढला की नक्कल तेवढी लहान होते. बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि कान बघायला सांगितलं. टवका वस्तू भाजल्यानंतर उडालेला असेल, तर तिथे कोरी, खरखरीत माती दिसायला हवी. माझ्या कुत्र्याच्या टवक्यावर झिलई चढलेली होती. म्हणजे तो भट्टीत गेला तेव्हाच कान तसा होता. तो कुणाच्या हातून कधी पडलाच नव्हता.

विक्रेत्याला फोन केला. "तुम्ही हातात घेऊन, पाहून घेतलात ना," एवढंच म्हणाला. पुन्हा त्याने फोन उचलला नाही. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान तक्रार करून रक्कम अडवायला वाव होता. आता मी "ओहायो, अंदाजे 1870, दुरुस्ती नाही, खोटं निघाल्यास पैसे परत" हे सहीनिशी लिहून देणाऱ्याकडूनच घेते. खरा विक्रेता ते कुरकुर न करता लिहून देतो. आणि मोजपट्टी, भिंग, छोटी अतिनील बॅटरी पिशवीत असतेच. त्या उजेडात नवा रंग आणि इपॉक्सी या गोंदाने केलेली डागडुजी बऱ्याचदा वेगळी उठून दिसते.

पैशांचं दुःख हळूहळू ओसरलं. पण ज्या कामगाराने दिवसभर पाइप उचलून संध्याकाळी उरलेल्या मातीत कुत्र्याचे कान कोरले असतील, त्याच्या हातांची ती गोष्ट कुणीतरी उचलून साच्यातल्या मालाला चिकटवली, याचा राग अजून जात नाही. परवा दिसलेल्या कुत्र्याच्या विक्रेत्याला मी मापं, कानाचा जवळून काढलेला फोटो आणि कॅटलॉगचं पान पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात तिथे नव्हती.

माझा कुत्रा फेकून दे, असं घरचे म्हणाले. फेकला तर कुणीतरी उचलेल, कधीतरी पुन्हा विकेल. म्हणून हिऱ्याच्या टोकाची लेखणी आणून त्याच्या तळावर खोल कोरलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत: नक्कल.