उभ्या काचांच्या खिडक्या आणि वुडन फ्लोअरिंग: प्रोफाइलचे पैसे घेतले आणि आत कोंबला पेपर

जमिनीपासून छतापर्यंत काचा असलेल्या खोलीत कोणी वुडन फ्लोअरिंग करून घेत असेल तर जरा थांबा आणि हे वाचा, कारण आम्हाला जिथे टोपी घातली ती जागा काम संपलं की दिसतच नाही.

भिंतीकडे तसा प्रश्न नसतो. लॅमिनेट घ्या नाहीतर इंजिनिअर्ड वुड, क्लिकवाल्या फळ्या बहुतेक वेळा खाली चिकटवत नाहीत, एकमेकींत अडकवून नुसत्या अंथरतात, आणि दमट हवेत त्या फुगतात, कोरड्या हवेत आकसतात, म्हणून चारी बाजूंनी साधारण 8 ते 12 मिमी गॅप सोडायची असते जी स्कर्टिंगखाली झाकली जाते. पण उभ्या काचेजवळ भिंतच नाही, खाली नुसती अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, स्कर्टिंग ठोकणार कशाला? तिथे एंड प्रोफाइल, म्हणजे फळ्यांची कड झाकणारी पट्टी लागते. त्याचा बेस खाली स्लॅबला स्क्रूने बसतो, वरची कड फळीवर नुसती टेकते आणि फळी तिच्याखाली सरकायला मोकळी राहते.

हे सगळं आम्हाला कॉन्ट्रॅक्टरनेच समजावलं बरं का! अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं सॅम्पल हातात दिलं, कोटेशनमध्ये वेगळी लाइन टाकली, रनिंग फुटाने रेट लावला. खिडकीची कड मात्र सगळ्यात शेवटी ठेवली, संध्याकाळी घाईघाईत उरकली आणि वर सांगितलं, सिलिकॉन ओलं आहे, सकाळपर्यंत तिकडे जाऊ नका. सकाळी बघतो तर लाकडाच्या रंगाची मस्त सरळ रेघ. पट्टी कुठेय विचारलं तर म्हणे "साहेब, प्रोफाइल आतून आहे, वरून फिनिशिंग दिलंय." एवढ्या आत्मविश्वासाने बोलला की काय सांगू. उरलेले पैसे घेतले आणि गेला.

हवा दमट झाली आणि खिडकीजवळ चालताना धप धप आवाज यायला लागला, मग दोन फळ्यांचा जोड छपराच्या आढ्यासारखा वर उचलला. फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही ओल्या फडक्याने पुसता, मग म्हणाला मटेरियलच तसं आलंय, कंपनीशी बोला, आणि शेवटी उचलणंच बंद.

दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने कटरने सिलिकॉन कापून टोक ओढलं तर सिलिकॉनची अख्खी दोरी निघून आली, आणि खाली काय, तर वर्तमानपत्राचे बोळे! प्रोफाइलचा पत्ताच नाही. फ्रेम फळ्यांना समांतर नव्हती, म्हणून एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट पेपर कोंबून बुजवलेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात फळी थेट फ्रेमला भिडलेली. शिवाय फळ्या बसवताना गॅप राखायला प्लास्टिकच्या पाचरी लावतात ना, काम झाल्यावर काढायच्या असतात त्या, त्याही तशाच आत. म्हणजे फळीला सरकायला जागाच नव्हती, ती वर नाही येणार तर काय करणार. आणखी एक, स्लायडिंगच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला जी भोकं असतात त्यातली काही याच सिलिकॉनने बुजली होती, त्यामुळे पावसाचं पाणी आत फळीच्या कापलेल्या कडेपर्यंत आलेलं. गॅपअभावी उचललेल्या फळ्या कड कापल्यावर बऱ्यापैकी खाली बसल्या, पण पाणी प्यायलेल्या एचडीएफच्या (फळीच्या आतला, लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कडा फुगल्या त्या फुगल्याच, त्या फळ्या बदलाव्या लागल्या.

सिलिकॉन वाईट असतं असं नाही. गॅप नीट सोडली, आत फोमची दोरी घातली आणि वरून लवचिक सीलंट मारलं तर तेही चालतं, कॉर्कची पट्टीही चालते कारण ती दबते. पण मग पैसे त्याचे घ्या ना, प्रोफाइलचे कशाला? आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला मारू देऊ नका, फ्रेमजवळ न्यूट्रल मागा.

तुमच्याकडे काम चालू असेल तर कड झाकायच्या आधी मेजरिंग टेप लावून गॅपचे फोटो काढा, पाचरी समोर काढून घ्या आणि कोटेशनमध्ये "प्रोफाइल, बेस स्लॅबला स्क्रूने" असं लिहून घ्या, नुसतं "एज फिनिशिंग" लिहिलेलं असेल तर त्यात काहीही बसतं. खिडकीच्या फ्रेमला भोक पाडायला निघाला तर तिथेच थांबवा, पाणी तिथूनच शिरतं. शेवटचा हप्ता स्वतःच्या डोळ्यांनी प्रोफाइल बघितल्याशिवाय अजिबात सोडू नका, "आतून आहे" वगैरे ऐकूनच घ्यायचं नाही.

बोळ्यांचे फोटो मी त्या कॉन्ट्रॅक्टरला पाठवले. त्याचं लगेच उत्तर आलं, पॅकिंगला पेपर सगळेच टाकतात, तुम्ही म्हणत असाल तर सिलिकॉन परत मारून देतो, तुमच्यासाठी अर्ध्या रेटमध्ये.