पंधरा हजारांचा पाला

कापडाच्या धंद्यात २२ वर्षं झाली. कापड बोटांत धरलं की सूत ओळखतो. तरी चीनमधल्या हांगचौच्या चहाच्या टेकड्यांत एका बाईने मला १,२८० युआनला गंडवलं. शुल्क धरून कार्डावर १५,५५७ रुपये. लिहितानाही लाज वाटते.

शाओशिंगच्या कापडबाजारातलं काम आटोपून ११ मार्चला हांगचौचा नावाजलेला हिरवा चहा, लोंगजिंग, घ्यायला गेलो. पुढचं ओळखलंच असेल: रस्त्यात गोडबोली बाई, "घरी चला", काचेचा उंच पेला. पेल्यातला चहा मात्र अस्सल होता. भाजक्या हरभऱ्याचा वास, घोट उतरल्यावर मागून येणारा गोडवा, कळी-पान पाण्यात उभं. कोणीही भुललं असतं.

आता माझा गाढवपणा. छिंगमिंग हा चिन्यांचा पितरांचा सण ४-५ एप्रिलला, त्याआधी खुडलेला चहा सगळ्यात महाग. पण या टेकड्यांवर खुडणी सुरू होते तीच मार्चच्या उत्तरार्धात. घरामागच्या झुडपांवर कळ्या मिटलेल्या, मळ्यात टोपलीवाली एक बाई नाही, आणि पानं भाजायची कढई गार! हात लावून पाहिलं होतं हो मी. तरी 'यंदाचा नवा' म्हणून २५० ग्रॅम घेतला. दूरच्या सिचुआन प्रांतातली पानं लवकर निघतात, तीच चपटी करून लोंगजिंग म्हणून खपवतात. वजन करायला ती आतल्या खोलीत गेली, तेव्हा मी खिडकीतून टेकड्यांचे फोटो काढत होतो. पुडी डोळ्यांसमोर बांधून घ्या.

इचलकरंजीत येऊन ८० अंशांच्या पाण्यात ३ ग्रॅम टाकला. गवताचा वास, दुसऱ्या पाण्याला कडूझार. (अस्सल पान जरा पिवळट असतं. झगझगीत पोपटी दिसलं की उठा.) ही म्हणाली, "तुम्ही उकळतं ओतलं असणार." थर्मामीटर लावला होता मी!

तक्रारीचं तर विचारूच नका. तिथल्या कार्यालयाने दुकानाचा नोंदणी क्रमांक मागितला. घर होतं ते! ज्या क्यूआरवर कार्डाने पैसे भरले, त्याच्या नोंदीत भलत्याच फळवाल्याचं नाव. डब्यावरचं पडताळणीचं लेबल विचारलं, तर माझ्याकडे नुसती पुडी. लेबल नसेल तर पाकीट काढूच नका. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. इकडच्या कार्यालयात तीन खेपा घातल्या. "खरेदी परदेशातली, हद्दीत येत नाही," हे सांगायला त्यांना तिसरी खेप लागली. वर "चहाला पंधरा हजार?" म्हणून आख्खं टेबल हसलं. नमुना म्हणून ३० ग्रॅम ठेवून घेतला. परवा विचारलं, तर साहेब म्हणाले, दूध घालून बरा लागतो.