ॲडासवाली गाडी: एका पावसाळ्यानंतर, मुख्यतः पुढच्या काचेबद्दल

ॲडास म्हणजे कॅमेऱ्याने रस्ता बघून चालवणाऱ्याला मदत: लेन असिस्ट गाडी पट्ट्यांच्या आत ठेवतं, समोर काही आलं तर ब्रेक आपोआप लागतो. बाकी फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ती परत लिहीत नाही.

गोव्यात डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकाखालून खडा उडाला आणि काचेला तडा गेला. काच विम्यातून बदलली. घरी येईपर्यंत पिवळा दिवा लागला, लेन असिस्ट बंद. सर्व्हिस सेंटर म्हणतं, कॅमेरा काचेमागे असतो, काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत जुळवून घेणं, लागतंच, त्याचे पैसे वेगळे. मग काच बसवताना तोंड शिवलं होतं का? वर ते काम दुसऱ्या शाखेत होतं. पेट्रोल माझं, रजा माझी.

तोवर माझं ठाम मत होतं की लेन असिस्ट म्हणजे पैसे पाण्यात. गावच्या रस्त्यांना पट्टेच नाहीत. जिथे आहेत तिथे भाड्याच्या स्कूटरवरच्या पर्यटकाला चुकवायला जावं, तर स्टिअरिंग हट्टी म्हशीसारखं मागे ओढतं. चोर्ला घाटातल्या धुक्यात कॅमेरा सरळ रजेवर. पण कॅलिब्रेशननंतर धारगळजवळ रात्री गुरं आडवी आली आणि माझा पाय पोचायच्या आधी ब्रेक लागला. त्या एका ब्रेकसाठी वरचं मॉडेल घेतल्याचं दुःख संपलं. कॅलिब्रेशनच्या बिलाचं नाही.

मोपा विमानतळावर टॅक्सी चालवणाऱ्या मित्राला विनाचालक टॅक्सीचं सांगितलं, तर तो उसळला, "आमी मीटर नाका म्हटल्यार बोवाळ, आनी हांकां ड्रायव्हरूच नाका?" (आम्ही मीटर नको म्हटलं तर गोंधळ, आणि यांना ड्रायव्हरच नको?) गडकरींनीही 2017 मध्ये रोजगाराचं कारण देऊन नाहीच म्हटलं होतं. मला धास्ती वेगळीच. कॅलिफोर्नियात विनाचालक गाडी रस्त्यावर आणायचा परवाना एक खातं देतं, प्रवाशाकडून भाडं घ्यायचा दुसरं. ऑगस्ट 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेमो आणि क्रूझ या विनाचालक टॅक्सीच्या कंपन्यांना चोवीस तास भाडं घ्यायला मंजुरी मिळाली. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई क्रूझच्या गाडीखाली आली. यंत्राला वाटलं धक्का बाजूने बसला, म्हणून ते कडेला जायला निघालं आणि तिला सुमारे सहा मीटर फरफटत नेलं. त्याच महिन्यात क्रूझचे विनाचालक परवाने निलंबित झाले.

तिथे निदान परवाना काढून घेणारं कोणीतरी होतं. मित्राच्या टॅक्सीच्या फिटनेसला ब्रेक, दिवे बघतात, कॅमेरा काय बघतो ते कोणी विचारत नाही. माझी गाडी लेव्हल दोनची, म्हणजे ती फक्त मदत करते, चालवतो मीच, आणि काही झालं तर जबाबदार मीच. ड्रायव्हर काढला तर ती जबाबदारी काचवाल्यावर टाकणार का?

घेणाऱ्यांनी काच बदलायला टाकण्याआधी कॅलिब्रेशन विम्यात बसतं का ते लेखी घ्यावं. माझा दावा अजून अडकलाय.