रत्नागिरीत जुन्या इंजेक्शन गाडीचं वायरिंग बघणारे काका : माझा अनुभव

जुनी फ्युएल इंजेक्शनवाली गाडी समुद्राजवळ ठेवत असाल आणि ती गरम झाली की काळा धूर सोडायला लागली असेल तर महागडे पार्ट मागवायच्या आधी एकदा मिरकरवाडा बंदराकडे जाऊन या. तिथे ट्रॉलरचं वायरिंग करणारे एक काका आहेत, गाड्यांचंही काम घेतात. गाळा छोटा आहे, बोर्ड नाही, आणि नाव टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण जेट्टीवर कुणालाही वायरिंगवाले काका विचारलं की दाखवतात.

गाडी माझी १९८७ ची पोर्शे ९४४, २.५ लिटर, चार सिलिंडर, बॉशची मोट्रॉनिक सिस्टीम (पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही एकच कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सांभाळतो). सकाळी एका सेल्फला चालू व्हायची, भाट्ये पुलापर्यंत एकदम छान, आणि मग गरम झाली की आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग) हलायला लागायचं, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, बंद करून दहा मिनिटांनी परत सेल्फ मारला तर घ्यायचीच नाही. प्लग काढले तर चारही काजळीने भरलेले, डिपस्टिकला पण पेट्रोलचा वास. मिक्श्चर रिच आहे (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) हे कुणीही सांगेल, का आहे तिथेच सगळं अडलेलं.

आधी ज्या गॅरेजला दाखवली (मोठ्या शहरातलं, नाव नको) त्यांनी स्कॅनर लावायला पोर्टच नाही म्हणून हात वर केले. अहो ओबीडी-२ (स्कॅनरच्या पोर्टची ठरलेली पद्धत) अमेरिकेत सक्तीचं झालं ते १९९६ ला, १९८७ च्या गाडीत ते कुठून येणार! मग म्हणाले E20 मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय. हे तर उलट आहे, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा जुन्या गाडीत मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होतं, रिच नाही. जुन्या रबरी पाइपांना E20 वाईट हे खरं, पण तो विषय वेगळा. शेवटी एअरफ्लो मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा पार्ट) बदला म्हणाले, तो किती महाग येतो हे ९४४ वाल्यांना सांगायला नको.

काकांनी काहीही सुटं केलं नाही. "आधी मोजूया, मग बघू काय ता" एवढंच म्हणाले. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून हुंगली, कोरडी होती, म्हणजे आतला पडदा फाटलेला नाही. इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलवर गेज लावला, नळी काढलेली असताना २.५ बार, बरोब्बर. इंजिन बंद केल्यावर प्रेशर लगेच पडत नव्हतं, म्हणजे इंजेक्टरही गळत नव्हते. मग कूलंट टेम्परेचर सेन्सर. बॉशच्या या सेन्सरचा रेझिस्टन्स २० डिग्रीला साधारण २५०० ओहम असतो आणि ८० ला ३०० च्या आसपास येतो. गरम इंजिनवर सेन्सरच्या पिनांवर मोजला तर ३१०, ओके. बहुतेक जण इथे सेन्सर पास करून पुढे जातात. काकांनी ईसीयूचा प्लग काढला आणि तेच माप त्या टोकाला घेतलं, तिथे २४००! म्हणजे इंजिन तापलंय आणि ईसीयूला वाटतंय २० डिग्रीलाच आहे, म्हणून तो थंड इंजिनाचं जास्तीचं पेट्रोल टाकतच राहतो. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो त्यामुळे काटा व्यवस्थित दाखवत होता, आणि सकाळी थंड इंजिनाला जास्त पेट्रोल चालून जातं म्हणून तेव्हा तक्रार नसायची. सगळं जुळलं!

सेन्सरच्या कनेक्टरचं रबरी टोपण मागे सरकवलं तर टर्मिनलवर हिरवी बुरशी आल्यासारखं झालेलं, आणि वायर सोलली तर आतलं तांबं बोटभर लांबीपर्यंत काळं पडलेलं, बाहेरून इन्सुलेशन मात्र ठणठणीत. खारी हवा वायरच्या आत अशी चढते हे बोटींवर त्यांनी रोज बघितलेलं आहे. खराब तुकडा कापून त्यांनी बोटीला वापरतात ती कथिलाचा मुलामा असलेली वायर जोडली, नवीन टर्मिनल, वरून गोंदवाली हीट श्रिंक. परत मोजलं, दोन्ही टोकांना सारखं.

आधी कुणीतरी एअरफ्लो मीटरचा सीओ स्क्रू (आयडलचं मिक्श्चर ठरवणारा; सीओ म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साइड) लीनकडे फिरवून ठेवलेला असणार, कारण दुरुस्तीनंतर आयडलला थोडी अडखळायला लागली. काकांकडे गॅस अॅनालायझर नाही, ही खरी उणीव. पण त्यांनीच पीयूसीवाल्याकडे पाठवलं आणि तिथे मशीन लावून सीओ बघत बघत स्क्रू सेट केला. माझ्या गाडीला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, त्यामुळे तो आकडा मिक्श्चर सरळ दाखवतो. आधीच्या पीयूसीत साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता, आता दीडच्या आत आहे.

मोजमापाचे ८०० रुपये त्यांनी आधीच सांगितले होते, वायरिंगचे वेगळे, बिल मागितलं तर वहीच्या कागदावर मिळतं. गाडी उन्हात उभी राहते, बसायला जागा नाही. जुलैमध्ये जाऊ नका, १ ऑगस्टला मासेमारी परत सुरू होते त्यामुळे तेव्हा सगळ्या बोटी एकदम कामाला येतात आणि काकांना मान वर करायला वेळ नसतो. सप्टेंबरनंतर सकाळी जा, गाडी गरम करून न्या, आणि तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम प्रिंट काढून द्या, त्यांना मोबाईलवर बघायला आवडत नाही.