छप्पन्न अंडी उबवायचं मशीन, सात महिने आणि चार लॉट: डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका

चौथ्या लॉटच्या नवव्या दिवशी सकाळी झाकणातून बघितलं, तर अंड्यांवरची पेन्सिलीची फुली रात्री होती तिथंच. फिरवायची मोटार गेली होती. कंपनीला फोन लावला. आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, उत्तर एकच: मशीन पॅक करून तुमच्या खर्चानं पाठवा, पंधरा दिवस लागतील. आत ३८ जिवंत अंडी आहेत, ती पंधरा दिवस कुठं ठेवू, असं विचारलं तर पलीकडं शांतता. त्या रागात हे लिहायला घेतलं. नंतर मत थोडं बदललं, तेही पुढं येईलच.

आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. मागच्या वर्षी कोंबड्यांवर मानमोडीची (राणीखेत) साथ आली आणि खुराडं जवळजवळ रिकामं झालं. सासूबाईंनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या जवारी, म्हणजे गावठी, कोंबड्यांतल्या तीन उरल्या आणि एक कोंबडा. गिरिराजा ही सुधारित जात आणून भरा, लवकर वजन धरते, असं सगळे म्हणाले. पण मला हीच जात पुन्हा वाढवायची होती. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात, आणि ती खुडूक कधी होईल ते तिच्या मनावर. शेजारच्या दोन घरांतली अंडी मिळून आठवड्यात चाळीसेक जमायची, म्हणून मशीन घेतलं.

आता मुख्य तक्रार. डिस्प्ले ३७.८ दाखवत होता आणि मी निर्धास्त होते. मार्चचा पहिला लॉट: ४८ अंडी, सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात ३९ फळलेली दिसली. एकविसावा दिवस गेला, एकही टोच नाही. बाविसाव्याच्या रात्री सुरुवात झाली, तेविसाव्यापर्यंत २१ पिल्लं निघाली. त्यातल्या सहांची बेंबी ओली, पोट फुगलेलं; ती दोन दिवसांत गेली. उशीर आणि असं पोट म्हणजे उष्णता कमी पडली. घरात ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर होतं. ३५ ते ४२ या पट्ट्यात ते भरवशाचं असतं आणि आपल्याला लागणारं तापमान नेमकं त्यातच येतं. अंड्यांच्या मधोमध ठेवून मोजलं तर ३६.९! दुसरं नवीन आणलं, तेही ३६.९. कंपनीचं म्हणणं, ‘मॅडम, तुमचं थर्मामीटर चुकीचं असेल.’ दोन्ही सारखीच चुकतील का?

एक अंशाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ ते ३७.८ एवढीच जागा आहे, आणि एकवीस दिवस अंशभर कमी म्हणजे अशक्त पिल्लं. सेट बटण काही सेकंद दाबून धरलं की आतली सेटिंग उघडतात आणि त्यांत तापमान दुरुस्त करायची सोय आहे, हे मला दीड महिन्यानं समजलं. पुस्तिकेत एक ओळ नाही. ती ओळ छापायला किती खर्च आला असता?

दुरुस्त केल्यावर मेमधला लॉट बघण्यासारखा झाला: फळलेल्या ४२ पैकी ३६ पिल्लं, सगळी एकविसाव्या दिवशी. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

मग जुलै. पुस्तिका म्हणते, पहिले अठरा दिवस पाण्याची एक खाच भरा, शेवटचे तीन दिवस दोन्ही. आमच्याकडच्या पावसात खोलीत वाळत घातलेला कपडा दोन दिवस सुकत नाही, तिथं आणखी पाणी! फळलेल्या ३३ पैकी १४ निघाली. उरलेली फोडून बघितली तर पूर्ण वाढलेली, चोच हवेच्या कप्प्याजवळ, आणि ओलाव्यात गुदमरलेली. ते बघून दोन दिवस मशीनला हात लावला नाही.

अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत साधारण ११ ते १३ टक्के उतरायला हवं, तरच आत हवेचा कप्पा पुरेसा मोठा होतो. त्या लॉटमधली दहा अंडी ४०२ ग्रॅमची होती, ती ३७८ वरच थांबली होती. ३५५ च्या आसपास यायला हवी होती. आता दर सहा दिवसांनी तीच दहा अंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. ओलाव्याचा आकडा काहीही दाखवू दे, मी काट्याचं ऐकते. पावसाळ्यात खाच कोरडी ठेवते, अठराव्या दिवसानंतरच पाणी.

सप्टेंबरचा हा चौथा लॉट तसाच कोरडा लावला होता, आणि मोटार गेली. मग अठराव्या दिवसापर्यंत हातानं फिरवली: एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, दिवसातून पाच वेळा. वेळा विषम ठेवायच्या, म्हणजे लांबच्या रात्री रोज तीच बाजू वर राहत नाही. शेतावर गेले की सासूबाई फिरवायच्या. मधे झाड पडून चार तास वीज गेली, तेव्हा मशीनवर घोंगडं टाकलं, हवेची भोकं तेवढी उघडी ठेवली. ३८ पैकी ३३ निघाली! सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, कोंबडी तरी दुसरं काय करते?’

बेळगावला गेले तेव्हा ती मोटार रेडिओ दुरुस्तीवाल्याला दाखवली. मायक्रोवेव्हची थाळी फिरवते त्याच जातीची निघाली. व्होल्ट आणि फेरे जुळवून त्यानं १८० रुपयांत बसवून दिली. दोन घेतल्या, एक जादा.

विजेचं ओझं नाही, एका लॉटला वीसेक युनिट. अंडी ठेवायच्या खाचा मात्र मोठ्या अंड्यांच्या मापाच्या आहेत, जवारी अंडं त्यांत कलंडतं. पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. सातव्या दिवशी मानमोडीची लस, लासोटा, डोळ्यात एक थेंब. कुपी शंभर पिल्लांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही तिन्ही घरांनी एकाच दिवशी लस दिली.

या वेळी एक कोंबडी नेमकी खुडूक होती. रात्री अंधारात तिच्याखाली बारा पिल्लं सरकवली. सकाळी ती त्यांना घेऊन उकिरड्यावर उकरत होती, आणि घार दिसताच बाराही पंखाखाली.

घ्यायचं असेल तर घ्या, पण अंडी ठेवायच्या आधी दोन दिवस मशीन रिकामं चालवा आणि तापाच्या थर्मामीटरनं तपासा. परवा कंपनीचा फोन आला, मोटार आली आहे, ६५० रुपये आणि कुरिअर वेगळं. नको म्हणून सांगितलं.