स्लाव्हिया की स्पार्टा? प्रागचे दोन जुने क्लब

दोन्ही क्लब प्रागचेच. स्लाव्हिया 1892 चा, सायकलस्वारांनी सुरू केलेला. तिथे फुटबॉल आला 1896 मध्ये. स्पार्टा 1893 चा. पहिली लढतही 1896 सालचीच, म्हणजे वैर स्लाव्हियाच्या फुटबॉलइतकंच जुनं.

स्पार्टाचा गडद लाल शर्ट मूळचा लंडनच्या आर्सेनलचा. क्लबच्या अध्यक्षांना 1906 मध्ये तो आवडला आणि त्यांनी तो प्रागला आणला. स्लाव्हियाने मात्र माणूस आणला. स्कॉटलंडचा जॉन मॅडन 1905 पासून 1930 पर्यंत, पंचवीस वर्षं, प्रशिक्षक होता आणि प्रागमध्येच त्याने अखेरचा श्वास घेतला. मला ही निष्ठा शर्टापेक्षा मोठी वाटते.

चषकांत स्पार्टा पुढे. मित्रोपा चषक, म्हणजे मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, त्यांनी 1927 आणि 1935 मध्ये जिंकला, स्लाव्हियाने 1938 मध्ये. पण 1934 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार आणि गोलरक्षक प्लानिच्का स्लाव्हियाचा होता, तर स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा नेयेदली स्पार्टाचा. तिथे दोघांनाही एकमेकांची गरज होती.

कम्युनिस्ट राजवटीत नावं दोघांचीही बदलली, तरी स्लाव्हियाला झळ जास्त बसली: प्रागच्या लेत्ना भागातलं मैदान सुटलं, शहरातल्याच वर्शोवित्से भागात जावं लागलं. 1947 नंतरचं पुढचं लीग विजेतेपद थेट 1996 मध्ये! जिंकणाऱ्यांचा इतिहास हवा असेल तर स्पार्टा वाचा. मी मात्र या एकोणपन्नास वर्षांत मैदानावर येत राहिलेल्या प्रेक्षकांसाठी स्लाव्हिया निवडतो.